सोम्सची कणव आणि आयरीनचे मौन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



'दूरचित्रवाणी आणि कुटुंब' ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी मला केली. ह्या विषयावर बोलणारे वक्ते बहुधा दोनच गोष्टी सांगतात. मालिकांमुळे घरे बिघडली ही एक, आणि पूर्वीच्या मालिका चांगल्या होत्या ही दुसरी. ह्यांपैकी एकही मला सांगावयाची नाही. वकिलीच्या धंद्यात माझी हयात गेली. एखादा मनुष्य साक्ष देऊ लागला, की तो समोरच्या खटल्याविषयी जितके सांगतो त्याहून अधिक स्वतःविषयी सांगून जातो, हा त्या धंद्यातला अनुभव. मालिका पाहणारा प्रेक्षकही मला असाच एक साक्षीदार वाटतो. म्हणून आज मी मालिकेपेक्षा तिच्या प्रेक्षकांविषयी बोलणार आहे. त्यासाठी मी निवडलेले उदाहरण आपल्याकडील नाही, विलायतेतील आहे. पण ते आपल्या दारापर्यंत कसे येऊन पोहोचते, हे पुढे दिसेलच.

जॉन गॉल्सवर्दी हे इंग्रज कादंबरीकार. १९३२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. फॉर्साइट नावाच्या एका धनवान लंडनकर कुटुंबाची कथा त्यांनी अनेक कादंबऱ्यांतून सांगितली. तीतील पहिली कादंबरी, 'द मॅन ऑफ प्रॉपर्टी', १९०६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६७ च्या जानेवारीत, बीबीसीने ह्या कथेची सव्वीस भागांची मालिका दाखविण्यास आरंभ केला. डोनाल्ड विल्सन हे तिचे निर्माते. चित्र कृष्णधवल होते. त्या वाहिनीवर रंग आला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. प्रथम ती बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर लागली. ती वाहिनी अवघी तीन वर्षांची होती आणि ती दिसण्यास निराळा संच घ्यावा लागे, त्यामुळे पुष्कळांना मालिका पाहता आली नाही. पुढे १९६८ च्या सप्टेंबरपासून पहिल्या वाहिनीवर दर रविवारी सायंकाळी तिचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले, आणि मग मात्र सारा देश तिच्यापुढे बसला. १९६९ मध्ये शेवटचा भाग लागला तेव्हा सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष लोकांनी तो पाहिला असे सांगतात. मद्यगृहे रविवारी लवकर ओस पडू लागली. काही ठिकाणी तर चर्चमधील सायंप्रार्थनेची वेळही बदलावी लागली. घरी चित्रफीत उतरवून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. चुकला तो भाग चुकलाच. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायणा'च्या वेळी आपल्याकडील रस्ते कसे निर्मनुष्य होत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्याची कल्पना यावी. पुढे ही मालिका अमेरिकेत गेली, आणि सोव्हिएत संघानेही ती विकत घेतली. मालमत्ता हाच ज्या कथेचा प्राण, ती साम्यवादी देशाने हौसेने पाहावी, ह्यातील गंमत मी आपणावरच सोपवितो.

फॉर्साइट हे सरदार-उमराव नव्हेत. डॉर्सेट परगण्यातील शेतकऱ्याचे हे वंशज. एका पूर्वजाने लंडनला येऊन घरे बांधण्याच्या व्यवसायात पैसा केला. त्याला दहा मुले. आणि त्या दहांच्या विस्तारात वकील, भागधारक, घरमालक असे सगळे. एक भाऊ टिमोथी. त्याच्या घरी अविवाहित आणि विधवा बहिणी राहतात, आणि कोणाचे कोठे जमले, कोणाचे कोठे फिसकटले, कोणी घर किती रकमेला घेतले, ह्याची सारी वार्ता तेथे चहाबरोबर मिळते. गॉल्सवर्दींनी त्या दिवाणखान्याला शेअरबाजाराची उपमा दिली आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराण्यात अशी एक मावशी आणि असा एक दिवाणखाना असतोच. लंडनच्या त्या मंडळींची ओळख पटण्यास आपणांस फारसे श्रम पडू नयेत, म्हणून हे सांगितले.

ह्या कुटुंबातील सोम्स हा कथेचा मध्यबिंदू. तो सॉलिसिटर आहे, चित्रांचा संग्राहक आहे, व्यवहारात चोख आहे. त्याची पत्नी आयरीन सुंदर आहे, निर्धन आहे. अनेकदा नकार देऊन अखेर तिने त्याचा स्वीकार केला. मात्र संसार सुखाचा न झाल्यास तो तिला मोकळी करील, असे वचन आधी घेतले. संसार सुखाचा झाला नाही. तिने वचनाची आठवण दिली. त्याने ती मनावर घेतली नाही. तिला लंडनमधील स्नेह्यांपासून दूर ठेवता यावे म्हणून त्याने रॉबिन हिल येथे एक घर बांधावयास घेतले. तेथील वास्तुविशारद बॉसिनी हा सोम्सच्या पुतणीचा वाग्दत्त वर. त्याच्यावरच आयरीनचे मन जडले. आणि एके रात्री, तिच्या खोलीचे दार चुकून उघडे राहिले असता, सोम्सने पतित्वाच्या अधिकाराने तिच्यावर बळजबरी केली. दुसरीकडे, ठरल्या रकमेहून साडेतीनशे पौंड जास्त खर्चिले म्हणून त्याने बॉसिनीवर दावाही लावला होता. त्या दाव्याचा निकाल सोम्सच्या बाजूने लागला. पण तोवर बॉसिनी धुक्यात गाडीखाली सापडून मरण पावला होता. आयरीन काही काळ परत आली, आणि मग कायमची निघून गेली.

मुख्य प्रसंग कादंबरीत प्रत्यक्ष घडताना दिसत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. गॉल्सवर्दी आपणांस थेट दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीवर नेतात. सोम्स एकटाच जेवत आहे, रात्रीचे तिचे हुंदके त्याच्या कानांतून जात नाहीत, आणि तो स्वतःशी युक्तिवाद करीत आहे: आपण विवाहसंस्थेचे रक्षणच केले, जगाचा अनुभव असलेला कोणताही शहाणा मनुष्य असेच म्हणेल. वकिलाने स्वतःचेच वकीलपत्र घ्यावे, तसा तो प्रकार. मालिकेने मात्र ही आडपडद्याची सोय ठेवली नाही. तो प्रसंग पडद्यावर दाखविला गेला, आणि कुटुंबीयांसमवेत बसून पाहणाऱ्या लोकांना तो पाहावा लागला.

आता आपल्या विषयाकडे येऊ. हे पाहून प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय झाली? आपली अपेक्षा अशी, की लोक संतापले असतील. काही संतापलेही. पण आश्चर्य असे, की प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले, आणि फार मोठ्या संख्येने लोकांची सहानुभूती सोम्सकडे वळली. तो बिचारा तिच्यावर जीव टाकतो, तिला काय कमी आहे, तिने एवढे ताठरपण का धरावे, असा सूर निघाला. आयरीन थंड आहे, कृतघ्न आहे, असे पुरुषांनी म्हटले आणि स्त्रियांनीही म्हटले. एरिक पोर्टर ह्या नटाने सोम्स असा काही उभा केला, की सव्विसाव्या भागात, मुलीला जळत्या घरातील कोसळणाऱ्या चित्राखालून वाचविताना सोम्सचा अंत होतो, तेव्हा लोकांना आपल्याच घरातील कोणी गेल्यासारखे वाटले. २००२ साली हीच कथा निराळ्या नटसंचात पुन्हा दाखविली गेली. डेमियन लुईस ह्यांच्या सोम्सनेही पुष्कळांना पुन्हा त्याच कणवेत ओढले.

ह्याचे सारे श्रेय नटाला देऊन सुटका करून घेता आली असती. पण स्वतः गॉल्सवर्दींनी १९२२ साली ह्या कादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत हीच गोष्ट नोंदविलेली आहे. कथा पुढे सरकते तसतशी वाचकांना सोम्सची अधिकाधिक कीव येते, आणि असे करताना आपण लेखकाच्या मताविरुद्ध बंड करीत आहोत असे त्यांना वाटते, असे ते म्हणतात. आपल्यालाही त्याची कीव येते, असे ते पुढे मान्य करतात. ज्याच्यावर कोणाचे प्रेम बसूच शकत नाही, त्याची शोकांतिका फार साधी आणि फार न टाळता येणारी असते. परंतु म्हणून आयरीनने त्याला क्षमा करावयास हवी होती, हा वाचकांचा निष्कर्ष ते साफ नाकारतात. पंचेचाळीस वर्षांनी प्रेक्षकांनी जे केले, ते वाचकांनी आधीच केलेले होते.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक वाक्य आहे, ते मला ह्या सर्व प्रकरणाची किल्ली वाटते. आयरीन ह्या कथेत स्वतःच्या मनातून कधी दिसत नाही, ती नेहमी इतर पात्रांच्या नजरेतूनच दिसते, असे लेखक सांगतात. खरोखरच, सोम्सच्या मनात आपण शेकडो पाने वावरतो. त्याची झोप का उडाली, त्याने कोणते चित्र किती किमतीस घेतले, बाप आजारी असता त्याच्या पोटात कसे कालवले, हे सर्व आपणांस ठाऊक. आयरीनच्या मनात मात्र एकदाही प्रवेश नाही. न्यायालयात एका पक्षाची उलटतपासणी आठ दिवस चालावी आणि दुसऱ्या पक्षाला पिंजऱ्यात बोलावूच नये, तर ज्युरीचा कल कोणीकडे जाईल? लेखकाने हे हेतुपुरस्सर केले. मालमत्तेच्या जगावर येऊन आदळणारे सौंदर्य म्हणून त्याला ती हवी होती. नायरी डॉन पोर्टर ह्या अभिनेत्रीपुढे त्यामुळे मोठीच अडचण होती. जिचे मन लेखकाने लिहिलेच नाही, तिचे मन केवळ चेहऱ्यावरून दाखवावयाचे. तिचे मौन काहींना शालीन वाटले, काहींना मग्रूर वाटले. पण तुला काय वाटते, असे तिला विचारण्याची गरज कथेतही कोणाला भासली नाही आणि दिवाणखान्यातही भासली नाही.

शिवाय मालिकेचा म्हणून एक गुण असतो. नाटक तीन तासांत संपते. मालिका आठवड्यामागून आठवडे घरात येते. सोम्स सव्वीस रविवार आपल्या कोचासमोर येऊन बसतो. रोजच्या सहवासातील माणसाचे दोष आपण पोटात घालतो, तसेच त्याचेही घालतो. आपल्या घराण्यातही एखाद्या काकांविषयी 'स्वभाव तापट, पण मनाने चांगले' असे म्हटले जाते, तेव्हा काकूंचे मत बहुधा घेतलेले नसते.

परंतु प्रेक्षकांच्या कणवेचे सर्वात कठीण कारण कलेत नाही, कायद्यात आहे. सोम्सने जे केले तो १८८६ साली गुन्हा नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. पण ती मालिका पाहणाऱ्यांच्या काळातही तो गुन्हा नव्हता! लग्नाबरोबर स्त्रीने कायमची संमती दिलेली असते आणि ती तिला मागे घेता येत नाही, हे न्यायमूर्ती हेल ह्यांचे सतराव्या शतकातील मत १७३६ साली ग्रंथरूपाने छापले गेले, आणि इंग्लंडातील न्यायालये ते प्रमाण मानीत आली. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते निरवून टाकले १९९१ साली, म्हणजे मालिकेनंतर चोवीस वर्षांनी. तेव्हा १९६७ चा प्रेक्षक आजोबांच्या काळातील एका वेगळ्या जगाचा न्याय करीत नव्हता. तो आपल्याच शयनगृहाचा न्याय करीत होता, आणि जुने पोशाख, घोडागाड्या, मेणबत्त्या ह्यांच्या आडोशाने ते त्याला सोपे जात होते. ऐतिहासिक मालिकेची मोहिनी पुष्कळशी ह्यातच आहे. पुनःप्रक्षेपण चालू असतानाच तिकडे घटस्फोटाच्या कायद्यात सुधारणा करण्याचा वाद पेटलेला होता. तो कायदा १९६९ च्या ऑक्टोबरात संमत झाला. रविवारी आयरीनविषयी वाद घालणारे लोक सोमवारी वर्तमानपत्रात तोच वाद दुसऱ्या नावांनी वाचीत होते.

ह्याच्या उलट एक उदाहरण थोडक्यात सांगतो. 'डाउन्टन ॲबी' ही अलीकडील मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीत २०१३ साली ॲना ह्या दासीवर बाहेरून आलेल्या एका पाहुण्याच्या नोकराकडून अत्याचार झाल्याचे दाखविले, तेव्हा रविवारच्या कौटुंबिक वेळेत हे दाखविलेच कसे, अशा तक्रारी गेल्या. पण त्या नराधमाची कीव करणारा कोणी निघाला नाही. तो परका होता, नोकर होता, आणि पती नव्हता. ह्या तिन्हींपैकी शेवटच्या गोष्टीने किती फरक पडला, ह्याचा विचार आपण घरी जाऊन अवश्य करावा.

आता आपल्या दारापर्यंत येतो, असे मी प्रारंभी म्हटले होते. आयरीनची कथा सुरू होते ती १८८६ च्या जूनमध्ये. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात एक खरा खटला चालू होता. रखमाबाईंचे नाव आपण ऐकलेले आहे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लग्न झाले. त्या सासरी कधी नांदावयास गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरी वाचीत, शिकत मोठ्या झाल्या. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी त्यांच्यावर दावा लावला. वडिलांकडून आलेल्या मालमत्तेची गोष्टही त्या वादामागे होती; प्रॉपर्टी येथेही सुटली नाही. न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी १८८५ साली दावा काढून टाकला. अपिलात तो निर्णय फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला: महिन्याभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी आपण कैद पत्करू, नांदावयास जाणार नाही, असे कळविले.

हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्रजी कायद्यातून आयात झालेला होता. आणि गंमत पाहा: असा हुकूम न मानणाऱ्यास तुरुंगात घालण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ साली काढून टाकली होती. लंडनमध्ये जी शिक्षा रद्द झाली, ती मुंबईत तीन वर्षांनी फर्मावली गेली. फॉर्साइट कथेतही हा दावा आहे. 'इन चान्सरी' ह्या दुसऱ्या कादंबरीत सोम्सची बहीण विनिफ्रेड पळून गेलेल्या नवऱ्यावर हाच दावा लावते. पण तेथे तो केवळ घटस्फोटाकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून. तो एक सोपस्कार होता. येथे एक तरुणी तुरुंगाच्या दारात उभी होती.

त्या खटल्यालाही प्रेक्षक होतेच. वर्तमानपत्रांचे वाचक हेच ते प्रेक्षक. 'केसरी' आणि 'मराठा' ह्यांनी दादाजींचा पक्ष घेतला. मोठमोठ्या विद्वानांना दादाजींची कणव आली: त्याने लग्न केले, त्याचा हक्क, त्याचा काय दोष? लो. टिळकांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो येथे कमी होत नाही, आणि त्यांचे ते लेखन योग्य होते असेही मला म्हणता येत नाही. परंतु रखमाबाई आणि आयरीन ह्यांच्यात एक भेद आहे, आणि तो फार मोठा आहे. रखमाबाई बोलल्या. १८८५ सालीच 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' ह्या सहीने त्यांची पत्रे आली होती. त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडली. त्यामुळेच त्यांच्याविरुद्ध असलेल्यांनाही त्यांना उत्तर द्यावे लागले; केवळ त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल देऊन भागले नाही. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ साली त्या निवर्तल्या.

१९५५! ह्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, आणि वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तो दावा त्याच्या नवव्या कलमात तसाच नांदता राहिला. इंग्लंडने तो १९७० साली मोडीत काढला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध असल्याचा निर्वाळा दिला. आणि पतीच्या बळजबरीविषयी म्हणाल, तर दंडविधानातील जुना अपवाद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम ठेवण्यात आला. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर ते कृत्य बलात्कारात मोडत नाही. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची ह्यावर दोन मते झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने दिवाणी स्वरूपाचे संरक्षण दिले आहे, हे मी विसरत नाही. परंतु सोम्सची कीव करणारा १९६७ चा इंग्रज प्रेक्षक ज्या कायद्याखाली बसला होता, बहुतांशी त्याच कायद्याखाली आज ह्या सभागृहातील आपण बसलो आहोत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना करून मी आपली रजा घेतो. दरवर्षी ह्याच स्मरणिकेबरोबर आपण वधूवरसूची प्रसिद्ध करतो. ह्या वेळची सूची मी मुद्दाम वाचून काढली. मुलाच्या नावापुढे स्वतःची सदनिका, वेतन, गावाकडील जमीन. मुलीच्या नावापुढे वर्ण, उंची, शिक्षण, आणि मग 'सुस्वभावी', 'गृहकृत्यदक्ष', 'मनमिळाऊ'. हे शब्द कोणी लिहिले? नमुन्याखाली सही पालकाची आहे. म्हणजे आपल्या सूचीतील प्रत्येक मुलगी ही आयरीन आहे. ती इतरांच्या नजरेतूनच दिसते. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी असावी की नाही, ह्याचा निर्णय ज्याच्या हाती जाणार, त्याला तिच्याकडून एक वाक्यही ऐकावयास मिळालेले नसते.

माझी सूचना अशी, की पुढील वर्षीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा. तो मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा, आणि मुलानेही भरावा. त्यात काय लिहावे ह्याविषयी मंडळाने कोणतीही सूचना छापू नये. रकाना कोरा ठेवण्याचा अधिकारही तिला असावा. मात्र कोरा राहिल्यास तो तसाच कोरा छापावा, दुसऱ्या कोणी भरू नये. छपाईचा खर्च ह्याने वाढणार नाही, असे मी मुद्रकांना विचारून ठेवले आहे. कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत ही सूचना विचारार्थ घ्यावी, अशी चिटणीसांना विनंती करतो.